पक्ष्यांच्या तिकिटांचं पेंडंट करण्याआधी

ताई, सासऱ्यांच्या अल्बममधल्या पक्ष्यांच्या टपाल तिकिटांची पेंडंट आणि कानातली करून दोघी नणंदांना द्यायची तुमची कल्पना फार आवडली. तुम्ही सरावाला घेतलेलं तिकीट रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवात, काळपट का पडलं, ते सांगते.

कागद रेझिन पितो. कचोरीखालचा कागद तेलानं आरपार दिसू लागतो, तसंच इथे होतं. माझा पहिला बळी १९८३ चा सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र पक्षी तासाभरात राखाडी झाला. २००२ नंतर भरतपूरला हे क्रौंच आलेच नाहीत, आणि मी त्याचं तिकीटही असं घालवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी कागदाची छिद्रं बंद करायची. पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून मऊ ब्रशनं मागच्या बाजूला पातळ हात द्या, सुकू द्या, मग पुढून. असे दोन-तीन हात. सगळ्यात जास्त लक्ष दातेरी कडांवर. रेझिन नेहमी तिथूनच शिरतं, आणि कडा कापल्या तर तिकिटाचं तिकीटपण जातं. शिक्क्याची शाई पसरते का, ते आधी एका कोपऱ्यावर पाहा.

पण याच्याही आधी तिकिटं निवडा. पक्षी दुर्मिळ म्हणजे तिकीट दुर्मिळ असं नसतं. १९८० चं माळढोकाचं, १९७५ च्या संचातलं ट्रॅगोपान किंवा मोनाल या हिमालयातल्या पक्ष्यांचं वापरलेलं तिकीट शोधलं तर मिळतं. उलट कोऱ्या, मागचा डिंक शाबूत असलेल्या तिकिटांना आणि पूर्ण संचांना हात लावू नका. जाणकाराला अल्बम दाखवल्याशिवाय एकही तिकीट काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. दागिन्यासाठी शिक्का बसलेली, कोपरा दुमडलेली, दोनदा-तीनदा आलेली तिकिटं घ्या. पाकिटावर चिकटलेली असतील तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ती आपसूक सुटतात, ओढू नका. मग टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली ठेवा.

कानातल्यांचं मात्र मी सुचवणार नाही. आपली स्मारक तिकिटं बहुधा चार सेंटिमीटरच्या आसपास लांब, कानाला मोठी. शिवाय एकाच तिकिटाची जोडी घेतली की दोन्ही पक्षी एकाच दिशेला बघतात. एक चेहऱ्याकडे, दुसरा पाठ करून. पेंडंट किंवा ब्रोच करा. कोंदण इंदूरच्या सराफ्यात दिवसा (रात्री तिथे खाऊगल्ली असते) जाऊन चांदीचं करून घ्या, तिकीट मोजून, चारी बाजूंना दोन मिलिमीटर सोडून. रेझिन नकोच असेल तर वर काच बसवून घ्या. मी अलीकडे तेच करते. रेझिन उन्हात पिवळं पडतं, काच पिवळी पडत नाही. तिकिटाची शाई दोन्हींत फिकी होते, म्हणून पेंडंट डबीत ठेवायला नणंदांना सांगा.

रेझिनच वापरणार असाल तर पाऊस संपेपर्यंत थांबा. इंदूरच्या श्रावणातल्या दमट हवेत वरचा थर दुधाळ आणि चिकट राहतो. तोवर तिकिटं भिजवा, सुकवा, निवडा. २००६ च्या संचातला आपल्या माळव्याचा खरमोर (तणमोर) सापडला तर तो मात्र अल्बममध्येच राहू द्या. याच दिवसांत तो रतलामजवळच्या सैलान्याच्या गवतात उड्या मारायला येतो. नणंदांना घेऊन एकदा तिकडे जाऊन या.