खिडकी, तावदान की खण?

प्रश्न कर्वेनगरच्या एका शिक्षिकेचा आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायच्या अक्षरांच्या पडद्यावर, टीमक्स कसं वापरायचं याची मराठी पुस्तिका त्या विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहेत. टीमक्स हा एकाच टर्मिनलमध्ये अनेक प्रोग्राम चालवू देणारा प्रोग्राम. 'विंडो'ला त्यांनी खिडकी म्हटलंय, एक सहकारी गवाक्ष सुचवतात. पण एका विंडोचे जे 'पेन', म्हणजे भाग, पाडता येतात त्यांना काय म्हणावं? शब्दकोश तावदान म्हणतो.

ताई, पेन तसाच ठेवू नका, हे आधी सांगतो. देवनागरीत लिहिला की 'डावीकडचा पेन बंद करा' वाचताना नवख्याच्या डोळ्यांपुढे लेखणीच येते.

गवाक्ष शब्द देखणा आहे. गो आणि अक्ष, म्हणजे बैलाच्या डोळ्यासारखी खिडकी. इंग्रजी विंडोसुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वाऱ्याचा डोळा' या शब्दावरून आली, आणि आपलं वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. पण हे सगळे शब्द उजेडाचे, वाऱ्याचे, नजरेचे. टर्मिनलमधल्या विंडोतून नुसतं बघायचं नसतं. तिच्यामागे एक प्रोग्राम बसलेला असतो. तुम्ही काही देता, तो काही परत देतो. ही देवघेव मराठी खिडकीत आधीपासून आहे. तिकीट खिडकीवर आपण रांग लावतो, बँकेत 'तीन नंबरच्या खिडकीवर जा' असं ऐकतो, सरकारची एक खिडकी योजना असते. संस्कृतातल्या खडक्किकेचा अर्थही बाजूचं किंवा मागचं दार असाच आहे. तेव्हा खिडकीच ठेवा. फक्त 'नवी खिडकी लावा' असं कुठे लिहू नका, कारण घरात 'खिडकी लाव' म्हणजे बंद कर.

आता पेन. तावदान हे शब्दाचं भाषांतर बरोबर आहे, वस्तूचं नाही. तावदान एकदा बसवलं की त्याचा आकार ठरला. टीमक्समधला पेन मात्र वाढतो, आक्रसतो, आणि एक वाढला की शेजारचा तेवढाच कमी होतो. मी यासाठी खण सुचवेन. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमध्ये जागा खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि 'दोन खणी खोली' म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. खोली एकच, मध्ये भिंत नाही, तरी खण वेगळे. कपाटाचा खण, टेबलाचा खण मुलांनाही माहीत आहेत.

आणि अक्षरांच्या पडद्याला हा शब्द फारच चपखल बसतो. 1978 साली आलेल्या व्हीटी-100 टर्मिनलवर 80 स्तंभ आणि 24 ओळी असत. अनेक टर्मिनल आजही याच मापाने उघडतात. तिथे मोजमाप ठिपक्यांचं नाही, अक्षरांच्या घरांचं. असा पडदा टीमक्समध्ये मधोमध विभागला की डावीकडे 40 स्तंभ, उजवीकडे 39, आणि उरलेला एक मधल्या रेघेला जातो. खांबाने आपल्या जाडीपुरती जागा घ्यावी, तसं. खण एकमेकांवर चढत नाहीत. प्रत्येक खणातल्या प्रोग्रामला मात्र वाटतं की आपल्याला पूर्ण टर्मिनल मिळालंय, फक्त जरा लहान.

पुस्तिका टीमक्सपुढे जाणार असेल तर आणखी एक अडचण येईल. टीमक्ससारखंच काम करणारा जीएनयू स्क्रीन 1987 चा, टीमक्स 2007 चा. दोन्हींत विंडो म्हणजे अख्खी खिडकी, पण तिच्या जागेत पाडलेल्या भागाला स्क्रीन 'रीजन' म्हणतो. इमॅक्स या मजकूर-संपादकात तर त्या भागालाच विंडो म्हणतात आणि बाहेरच्या सगळ्याला फ्रेम. शब्दाला शब्द ठेवत गेलात तर विद्यार्थी तिथे नक्की चुकेल. वस्तू बघून नाव द्या: विभागलेला भाग दिसला की खण, मग मूळ प्रोग्राम त्याला काहीही म्हणो.

हीच गत 'उभं' आणि 'आडवं' यांची. टीमक्समध्ये आडव्या विभागणीचा पर्याय दिला की खण शेजारी शेजारी पडतात. व्हिम या दुसऱ्या संपादकात नेमकं तेच हवं असेल तर उभ्याचा पर्याय द्यावा लागतो. व्हिम रेघ कशी आहे ते सांगतो, टीमक्स खण कसे मांडलेत ते. मराठीत 'शेजारी' आणि 'खाली-वर' लिहा, म्हणजे हा घोळ उरणारच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'डिटॅच'बद्दल, म्हणजे टीमक्समधून तात्पुरतं सुटून जाण्याबद्दल, सांगावंसं वाटतं. त्याला 'खिडकी बंद करणे' म्हणू नका. आपल्याकडे खिडकी बंद झाली म्हणजे काम थांबलं, जेवणाची सुट्टी. डिटॅचमध्ये उलट घडतं: तुम्ही जाता, काम चालू राहतं. घरचं इंटरनेट गेलं तरी दूरच्या संगणकावरचे प्रोग्राम आपापल्या खणांत चालत असतात, आणि संध्याकाळी परत जोडून घेतलंत की सगळं होतं तिथेच सापडतं. मागे चालू राहणाऱ्या या सगळ्या कामाला टीमक्स 'सेशन' म्हणतो, आणि त्यासाठी मला बैठक हा शब्द आवडतो. बैठकीतून एखादा उठला तरी बैठक चालू राहते, आणि तो परत येऊन बसू शकतो. 'सेशन'साठी रूढ असलेलं सत्र ठेवलंत तरी हरकत नाही, तेही सद् म्हणजे बसणे या धातूचंच. सुटून जाणं आणि परत जोडून घेणं यांसाठी क्रियापदं मात्र 'उठणे' आणि 'परत बसणे' हीच घ्या.