बांगडे तळा, जॅकेट आत ठेवा

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेकाच्या जॅकेटला कसला तरी वास येतो, असं वर्गातली मुलं म्हणाली आणि त्या दिवसापासून तुमच्या घरी बांगडे तळणं बंद. वर तुम्ही लिहिता, ‘मला तर काहीच वास येत नाही.’ कसा येईल? एकाच वासात बसलं की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणं सोडतं. इथे महिनाभर राहून परदेशातल्या तुमच्या घरी परत जाल तेव्हा दार उघडताच जो वास येईल, तो तुमच्या पाहुण्यांना रोज येतो.

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलेमस नावाच्या भागाच्या नाक्यावर थांबतं. वास त्या नाक्याला वळसा घालून भावना आणि आठवणींच्या भागांत शिरतो. गोव्यात फोंड्याला माझ्या स्वयंपाकघरात तिरफळांचा, म्हणजे माशात घालायच्या मसाल्याचा, डबा उघडला की आजीचं बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, समोर येतं आणि कुरकुरत उठलेली मी निवळते. पण तिरफळ कधी न पाहिलेल्या पोराला त्या वासात आजी कुठून सापडणार? वासाची आवडनिवड बरीचशी शिकलेली असते. शिवाय नकोशा वासाच्या संगतीत दाखवलेले चेहरेही माणसांना कमी आवडतात, असं प्रयोगांत दिसलंय. तेव्हा त्या मुलांवर फार रागावू नका.

बांगडे सुरू ठेवा, जागा जॅकेटची बदला. स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवरचं लोकरीचं जॅकेट वास धरून ठेवतं. ते झोपायच्या खोलीत, कपाटात. तळताना त्या खोलीचं दार बंद. चिमणी तवा तापायच्या आधी लावा, नंतरही थोडा वेळ चालू राहू दे. आणि वरून सेंट अजिबात नको! आमच्या ह्यांनी एकदा लग्नाला निघताना तो प्रयोग केला. बांगडा अधिक गुलाब; म्हापशापर्यंत गाडीच्या काचा खाली. कपाटात ठेवायला ओवळांची, म्हणजे आपल्या बकुळीची, सुकी माळ उत्तम. सुकली तरी घमघमते. तिकडे फुलं नेऊ देतात का, तेवढं आधी विचारून घ्या.

मग ज्याने नाक मुरडलं त्यालाच एका शनिवारी जेवायला बोलवा. पहिल्याच दिवशी सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर नको हं. रवा लावून तळलेला मासा, भात, बस्स. पोटभर जेवला की पुढच्या वेळी त्याच वासाने त्याला भूक लागेल. त्याचंही जॅकेट मात्र आतल्या खोलीत ठेवा, नाहीतर त्याच्या आईचं पत्र यायचं.