बोगद्यांच्या अभ्यासाची सुरुवात

बोगद्यांच्या अभ्यासाला लागताना लांबीच्या याद्या पाठ करू नका. आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या माणसाने लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे कुळ्यापर्यंत आगगाडीने जावे आणि खडक व पाणी यांकडे लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून बांधत आणलेल्या या मार्गावर घाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे, आणि त्यामुळेच बोगद्यात झिरपणारे पाणी कडेच्या गटारातून आपोआप बाहेर पडते. सपाट प्रदेशातल्या लांब बोगद्याला हा उतार मुद्दाम द्यावा लागतो, कित्येकदा मध्यभाग उंच ठेवून दोन्ही तोंडांकडे. खडक अखंड असेल तेथे भिंत उघडी ठेवता येते. तो भेगाळ असेल तेथे दगडी किंवा काँक्रीटचे अस्तर लागते. अडचण लांबीवरून मोजू नका. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटरचा आहे, तरी त्याहून पुष्कळ लहान अशा पेडण्याच्या बोगद्याने मऊ मातीमुळे अभियंत्यांना फार छळले. निरीक्षण पावसाळ्यात करा, मात्र डब्यातूनच. रुळांवरून चालत जाणे जिवावर बेतणारे आहे आणि त्याला कायद्याने बंदीही आहे.