पांढऱ्या पेशी वाढल्या आणि परत उतरल्या, असं का?

प्रश्न : आईची केमो सुरू आहे. दुसऱ्या केमोनंतर पांढऱ्या पेशी १,१०० वर आल्या. पेशी वाढवायची जी-सीएसएफ इंजेक्शनं दिली तर १८,००० झाल्या, आणि ती बंद केल्यावर तीन दिवसांत ७,०००. कंबरही फार दुखत होती. इंजेक्शन लवकर बंद झालं का? पपईच्या पानांचा रस द्यावा का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, ४,००० ते ११,००० हे नॉर्मल. आईंचे ७,००० म्हणजे उत्तम.

जी-सीएसएफ आपलं शरीरही बनवतं. ते सायटोकाइन आहे, म्हणजे पेशींनी पेशींना धाडलेला निरोप. हाडातल्या मज्जेत रक्तपेशी बनतात; तिथल्या पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटलं की आत जॅक नावाची एन्झाइम्स जागी होतात, ती स्टॅट प्रथिनांना जागं करतात, आणि स्टॅट थेट केंद्रकात जाऊन जनुकं सुरू करतात. पेशीला दोन हुकूम मिळतात : वाढ, आणि जिवंत राहा. या दुसऱ्या हुकमाचं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीत मरणाची यंत्रणा तयारच असते. तिला थोपवून धरणारं एमसीएल-१ हे प्रथिन फार टिकत नाही, सारखं नव्यानं बनवावं लागतं. निरोप आटला की ते संपतं आणि पेशी स्वतःला मिटवते. इंजेक्शन थांबल्यावर एक-दोन दिवसांत संख्या साधारण निम्मी होते ती यामुळेच. आजार उलटलेला नाही.

टी-पेशी याही संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना असाच निरोप इंटरल्यूकिन-७ हे सायटोकाइन देतं. तो ऐकणारा रिसेप्टरचा भाग काही मुलग्यांत जन्मतः बिघडलेला असतो. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्या बाळांच्या रक्तात टी-पेशी जवळजवळ नसतातच, आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. निरोपाचं मोल मला तिथे सगळ्यात जास्त जाणवतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या इंजेक्शननंतरची रक्ताची स्लाइड लगेच ओळखू येते : न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे न पडता ते घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, पेशीतले दाणे गडद जांभळे, कडेला एखादा फिकट निळा डाग. घाईनं बाहेर आलेल्या कोवळ्या पेशी या. मज्जेत अशी दाटी झाली की कंबर, पाठ, छातीचं हाड ठणकतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल द्यायच्या आधी ताप मोजा, नाहीतर तो झाकला जाईल. केमोनंतर १००.४ फॅरनहाइट दिसला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पपईच्या रसानं न्यूट्रोफिल वाढतात हे सिद्ध झालेलं नाही. केमो चालू असताना कोणताही रस-काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि हो, हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात धंतोलीतून नंदनवनला नेताना बर्फाच्या डब्यातच न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठू द्यायचं नाही.