वाचकांचे प्रश्न : व्हिसाच्या अर्जात शेतकऱ्याचे पासबुक

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांपासून इंग्लंडमधील लीड्स येथे परिचारिका म्हणून नोकरीला असून तिने मला व माझ्या पत्नीला सहा आठवड्यांसाठी बोलावले आहे. माझ्याकडे ३ हेक्टर ६० आर कोरडवाहू वावर आहे. गेल्या हंगामात ४० क्विंटल कापूस सीसीआयला (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाला) दिला व त्याचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, खात्यात जमा झाला. उरलेला कापूस आणि सोयाबीन खेडा खरेदीत, म्हणजे गावात दारावर आलेल्या व्यापाऱ्याला, रोखीने विकले. खात्यात सध्या १ लाख ९० हजार रुपये आहेत, त्यातच मे महिन्यात उचललेले पीककर्जही आहे. तालुक्याच्या ठिकाणचा एक एजंट म्हणतो की व्हिसासाठी खात्यात किमान १० लाख रुपये दिसलेच पाहिजेत; महिनाभरासाठी ते तो शेकडा दोन रुपयांनी लावून देईल. आमचा बेत ऑगस्टमध्ये निघण्याचा आहे. हे पैसे घ्यावेत का?
— एक शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : घेऊ नयेत. ब्रिटनच्या पर्यटक व भेटीच्या व्हिसासाठी खात्यात अमुक इतकी रक्कम असलीच पाहिजे, असा आकडा नियमांत कोठेही दिलेला नाही. जाण्यायेण्याचे भाडे, तेथील राहणे-खाणे आणि ठरवलेले फिरणे यांचा खर्च अर्जदाराला तेथे काम न करता आणि तेथील सरकारी मदत न घेता भागवता येईल का, एवढेच नियम विचारतो. ते ठरवताना अधिकारी शेवटची शिल्लक पाहून थांबत नाही. पैसा कोठून आला, किती दिवस राहिला आणि कोठे गेला, हे तो पाहतो. ज्या खात्यात वर्षभर वीस-तीस हजारांच्या वर शिल्लक राहिलेली नाही, त्यात अर्जाच्या तोंडावर एकदम १० लाख आले, तर त्या एका नोंदीमुळे बाकीचे सगळे खरे कागदही संशयात सापडतात. शिवाय खोटी माहिती किंवा खोटे कागद दिल्याचे ठरले, तर पुढील अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. एजंटाला महिन्याचे २० हजार रुपये मोजून हे विकत घेण्यासारखे नाही.

तुमची खरी अडचण शिल्लक कमी असण्याची नसून तुमचा पैसा वर्षातून एकदाच येतो, ही आहे. हे अर्ज तपासणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरमहा पगार जमा होणारे खाते असते. साधारणपणे सहा महिन्यांचे बँक विवरण जोडण्याची पद्धत आहे. ऑगस्टमध्ये जायचे म्हणून तुम्ही जुलैत अर्ज केला, तर विवरणात जानेवारी ते जुलै हा काळ येईल. म्हणजे फार तर चुकाऱ्याचा शेवटचा हप्ता, त्यानंतर कृषी केंद्राची बियाण्या-खताची देणी, निंदणाची मजुरी आणि मध्येच मे महिन्यात एकदम आलेली एक मोठी रक्कम. ती रक्कम पीककर्जाची आहे हे तुम्हाला आणि मला कळते. परक्या देशातल्या माणसाला ती अर्जासाठी आणून ठेवलेली दिसते, आणि कर्ज आहे हे कळल्यावर तर तो ती तुमची मानणारच नाही. मी बँकेच्या काउंटरमागे बसून अशी पासबुके वर्षानुवर्षे पाहिली आहेत. त्यांच्यावर फिकट शाईत ‘बाय कॅश’ एवढेच उमटलेले असते, आणि त्यावरून खातेदाराची कमाई ओळखणे शेजारच्या गावातल्या माणसालाही जमणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, अडचण नसेल तर प्रवास एप्रिल-मे महिन्यांत ठेवावा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. फेब्रुवारीच्या अखेरीस अर्ज केला, तर सहा महिन्यांच्या विवरणात दिवाळीच्या सुमाराचे सोयाबीन आणि त्यामागोमाग कापसाचे चुकारे, दोन्ही येतील. मृगाच्या पेरणीआधी परतणे तुम्हाला भाग आहे, ही गोष्टही त्यातून आपोआप सिद्ध होते, आणि परत येण्याचे कारण हा या अर्जातला पैशाइतकाच वजनदार मुद्दा असतो. (मे महिन्यात आपल्याकडचे ४४ अंशांचे ऊन चुकेल, तो फायदा वेगळा.) ऑगस्टलाच जाणे भाग असेल, तर बारा महिन्यांचे विवरण द्यावे आणि सोबतच्या पत्रात पीककर्जाचा स्पष्ट उल्लेख करून ती रक्कम प्रवासासाठी धरलेली नाही, असे लिहावे.

रोखीच्या विक्रीबद्दल. खेडा खरेदीत व्यापारी दारात काटा लावतो, नोटा मोजतो आणि जातो. मागे कागद राहत नाही. येत्या हंगामात निदान सोयाबीन तरी बाजार समितीत न्यावे, क्विंटल, दर, हमाली आणि तोलाई लिहिलेली अडत्याची पट्टी जपून ठेवावी, आणि मिळालेली रक्कम त्याच आठवड्यात खात्यात भरावी. पट्टीवरचा आकडा व तारीख आणि पासबुकातली नोंद एकमेकींशी जुळली की निम्मे काम झाले. मागच्या विक्रीच्या मात्र मागच्या तारखेच्या पट्ट्या करून घेऊ नयेत. ओळखीतला अडत्या देईलही, पण तो खोटा कागदच ठरतो. त्याऐवजी किती माल रोखीने विकला आणि त्यातले किती पैसे घरखर्चात गेले, हे पत्रात सरळ लिहावे. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची सरकारी नोंद) केलेली असेल, तर सातबाऱ्यावर कापूस व सोयाबीनचे क्षेत्र नोंदलेले असते आणि तुमच्या म्हणण्याला तेवढा आधार मिळतो.

अर्जात महिन्याचे उत्पन्न व महिन्याचा खर्च विचारला जातो. वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाला बाराने भागून आकडा भरावा आणि तो तसा काढल्याचे पत्रात नमूद करावे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने आपण विवरणपत्र भरत नाही, हेही एका वाक्यात सांगावे, नाही तर ते कागद दडवल्यासारखे वाटते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडणार असाल, तर त्यावरचा आकडा आधी वाचून पाहावा. शिष्यवृत्तीसाठी किंवा एखाद्या योजनेसाठी काढलेल्या दाखल्यावर उत्पन्न साठ-सत्तर हजार आणि व्हिसाच्या अर्जात चार लाख, असे अनेक घरांत असते; हे दोन कागद एकाच अर्जात आले, तर उत्तर देता येत नाही.

आता मुलीविषयी. वर्षाला चार लाख मिळवणारे कुटुंब दोघांच्या विमानाच्या तिकिटांवर स्वतःची सगळी शिल्लक उधळील, हे कोणालाही पटण्यासारखे नाही, आणि तसे दाखवण्याची गरजही नाही. अर्जदाराचा खर्च दुसऱ्या व्यक्तीने केलेला नियमाला चालतो. मात्र त्या व्यक्तीचे अर्जदाराशी खरे नाते असावे, ती तेथे कायदेशीर राहत असावी, आणि हा खर्च करण्याची तिची ऐपत व तयारी दोन्ही दिसावी. मुलीने तिकिटे, राहणे आणि जेवण यांचा भार आपण उचलू असे पत्र द्यावे आणि त्यासोबत पगाराच्या पावत्या, स्वतःच्या बँकेचे विवरण, तेथील वास्तव्याच्या परवान्याचा पुरावा व घराचा भाडेकरार पाठवावा. तिचा जन्मदाखला नात्याचा पुरावा म्हणून लागेल. फिरण्याचा व किरकोळ खर्च तुम्ही करावा, आणि प्रवासविम्याचा हप्ताही शक्यतो तुमच्याच खात्यातून जावा. विमा न काढता जाऊ नये, कारण इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात भेटीवर आलेल्या परदेशी माणसाकडून बहुतेक उपचारांसाठी ठरलेल्या दराच्या दीडपट रक्कम घेतली जाते.

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) व मराठीतील इतर सर्व कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्क हवा. ‘जिरायत’ (कोरडवाहू) आणि ‘पोटखराबा’ (लागवडीस न येणारी जमीन) हे शब्द इंग्रजी लिपीत जसेच्या तसे उतरवून देणारे भाषांतरकार भेटतात. अर्थ लिहून घ्यावा. जमिनीच्या किमतीचा मोठा दाखला काढण्यावर खर्च करू नये. वावर विकून तुम्ही जाणार नाही, त्यामुळे ते प्रवासखर्चात धरले जात नाही. ते तुमचे पाय गावात असल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

प्रश्न : संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्याचे फळ) झाडावरच व्यापाऱ्याला उक्ता, म्हणजे एकरकमी ठरवून, दिला आणि इसाराचे ४ लाख रुपये खात्यात भरले. त्या रकमेचा स्रोत स्पष्ट नाही, असे कारण देऊन ब्रिटनचा व्हिसा नाकारण्यात आला. आता अपील करावे का?
— एक बागायतदार, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : भेटीच्या व्हिसाच्या नकारावर सामान्यतः अपील नसते, नव्याने अर्ज करता येतो व त्यासाठी थांबण्याची सक्ती नाही, मात्र शुल्क पुन्हा भरावे लागते. आधीचा नकार नव्या अर्जात सांगणे बंधनकारक आहे. इसाराची सौदाचिठ्ठी, व्यापाऱ्याच्या सहीचे पत्र, बागेची नोंद असलेला सातबारा आणि मागील दोन वर्षांच्या बहारांची रक्कम ज्यात दिसते ते बँक विवरण, असे कागद यावेळी जोडावेत. मागील सौदेही याच सुमारास आणि अशाच रकमांचे झालेले असतील, तर ते पत्रात तारखांसह लिहावे. सौदा तोंडीच झाला असेल, तर व्यापाऱ्याकडून आजच्या तारखेचे, पूर्वीचा व्यवहार मान्य करणारे पत्र घ्यावे आणि त्यावर आजचीच तारीख राहू द्यावी.