सुईचा कोर्स आत्ता करू का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. भातलावणीत बाबांची कंबर धरली. ड्राय नीडलिंग, म्हणजे स्नायूत कोरडी सुई टोचण्याचा उपचार, केल्यावर दुसऱ्या दिवशी ते सरळ उभे राहिले. आता त्याच्याच शनिवार-रविवारच्या कोर्सची जाहिरात आली आहे. उसाच्या बिलावर उचल घेऊन फी भरतो, असं बाबा म्हणतात. सुईने पाठीपोटाच्या स्नायूंचं काम खरंच सुधारतं का? कोर्स करू का?

उत्तर : बाबांना उचल घेऊ देऊ नकोस, हे आधी सांगते.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. कण्याला लागून असलेला मल्टिफिडस हा खोल स्नायू कंबर दुखू लागली की अंग चोरतो. दुखणं थांबलं तरी तो आपोआप पूर्ववत होत नाही. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे अल्ट्रासाऊंडवर मोजून दाखवलं. बारीक, औषध नसलेली सुई आखडलेल्या जागी गेली की स्नायू क्षणभर फडफडतो, मग सैलावतो, वेदना उतरते. काही रुग्णांत त्यानंतर मल्टिफिडस जास्त चांगला आकुंचन पावतो, असंही दिसलं आहे. सगळ्यांत नाही, आणि बहुधा थोड्याच काळापुरतं. सुईने स्नायू भरत नाही. वेदना कमी असलेल्या त्या दिवसांत व्यायाम करून घेतला, तरच त्याचं काम टिकतं. बाबांना व्यायाम कुणी दिला का? पत्रात तू त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारते. दिला नसेल तर पुढच्या लावणीला कंबर पुन्हा धरण्याची भीती आहे.

म्हणून आत्ता सुईपेक्षा हात तयार कर. रुग्णाला पालथं झोपव, कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेव, उजवा हात किंचित उचलायला सांग. डाव्या बाजूच्या बोटांखाली स्नायू कसा घट्ट होतो ते ओळख, मग बाजू बदल. दुखऱ्या बाजूला तो उशिरा किंवा कमी जागा होतो का, हे बोटांना कळेपर्यंत सराव कर. इंटर्नशिपमध्ये अल्ट्रासाऊंडवर तोच स्नायू बघायला मिळाला, तर संधी सोडू नकोस.

सुई शिकायचीच आहे, जरूर शीक. पण पदवी आणि नोंदणी झाल्यावर, आणि जिथे अनुभवी शिक्षक शेजारी उभं राहून प्रत्येक टोचणी बघतात तिथेच. बरगड्यांजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा भरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. दोन दिवसांत एवढी सावधगिरी अंगात मुरत नाही.

एमपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा, विचार आतापासून ठेव. बेळगावातच केएलई संस्थेत तो अभ्यासक्रम आहे, त्यामुळे घर सोडून लांब जायला नको. आणि कन्नड चांगली बोलायला शीक. बैलहोंगलहून आलेली एखादी कन्नड आजी व्यायाम नीट करते की नाही, हे तिच्याच भाषेत विचारावं लागेल.

या रविवारी घरी गेलीस की बाबांना पालथं झोपवून वरची तपासणी करून बघ. काय जाणवलं ते मला लिही, मग त्यांचा व्यायाम आपण ठरवू.