वडिलांच्या तबकड्या आणि कॅसेट्स जपून ठेवण्यात अर्थ आहे का?

वडिलांच्या पश्चात घरात लाखेच्या चाळीसेक तबकड्या, काही एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या नंतरच्या काळातील तबकड्या) आणि दोन खोकी भरून कॅसेट्स उरल्या आहेत, त्यांतील बरेचसे गाणे आता मोबाइलवर मिळते, तर या वस्तूंतून येणारा आवाज खरोखर अधिक चांगला असतो का आणि त्या ठेवाव्यात का, असे आपण विचारले आहे. मी तीसेक वर्षे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत तबकडी, कॅसेट, सीडी आणि मोबाइल या चारही वाटांनी ऐकत आले आहे, आणि माझ्या मते येथे दोन निरनिराळे प्रश्न एकत्र आले आहेत. एखादे माध्यम आवाज किती शुद्धपणे वाहून नेऊ शकते हा एक प्रश्न, आणि आपल्या हातातील वस्तूत नेमके कोणते ध्वनिमुद्रण, कोणत्या अवस्थेत आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने खरे महत्त्व दुसऱ्याला आहे.

केवळ वाहून नेण्याच्या क्षमतेत डिजिटल माध्यम निर्विवाद पुढे आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, त्यामुळे माणसाच्या कानाला ऐकू येणारी सर्व कंपने तिच्यात मावतात, आणि अगदी हलक्या व अगदी मोठ्या आवाजातील सुमारे ९६ डेसिबलचे अंतर ती पेलते. चांगल्या एलपीला त्यातील साठ-सत्तर डेसिबलच साधतात. शिवाय एलपी एका मिनिटात ३३⅓ फेरे घेत असली, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या वर्तुळात जेमतेम २१, त्यामुळे प्रत्येक बाजूच्या अखेरीस, म्हणजे नेमकी द्रुत (जलद) लय आणि ताना ज्या ठिकाणी येतात तेथे, आवाज थोडा फाटतो. एलपीच्या आवाजाला लोक ‘उबदार’ म्हणतात. तो मलाही आवडतो, पण तो बहुतांशी त्या माध्यमाच्या मर्यादांतून आणि त्या सांभाळून केलेल्या ध्वनिसंस्करणातून येतो. त्याच मूळ फितीवरून काळजीपूर्वक केलेली सीडी त्याहून काहीही कमी देत नाही.

मात्र ‘काळजीपूर्वक’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. मोबाइलवर मिळणारी जुनी गाणी कोणत्या प्रतीवरून, कोणत्या यंत्रावर आणि कोणाच्या देखरेखीखाली उतरवली गेली हे सहसा कोठेच लिहिलेले नसते. लाखेच्या तबकड्यांच्या बाबतीत यातून उद्भवणारा सर्वांत गंभीर दोष गतीचा आहे. आपण त्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतो, परंतु आरंभीच्या काळात त्या कमी-अधिक गतीने कापल्या जात असत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि हार्मोनियमच्या काळी एक पट्टीमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. पट्टीच बदलली असती तर एक वेळ चालले असते. पण त्याबरोबर लय वाढते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आखडते, गमकेचे (स्वराच्या जोरकस आंदोलनाचे) वजन जाते आणि आवाजाचा पोत कोवळा, किंचित नाकातला होतो. मी शिकत असताना एका जुन्या गायकाचा आवाज ‘पातळ’ आहे असे कित्येक वर्षे समजत होते. गुरुजींनी तीच तबकडी गती कमी करून, तानपुऱ्याशी पट्टी जुळवून ऐकवली, तेव्हा तो आवाज किती भारदस्त होता हे मला कळले. इंटरनेटवर अशा चुकीच्या गतीच्या प्रती अनेक आहेत, आणि हाती मूळ तबकडी असल्याखेरीज ही चूक दुरुस्त करण्याचा भक्कम आधार आपल्याकडे राहत नाही.

लाखेच्या तबकडीवर मावणाऱ्या तीन मिनिटांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण पुष्कळ जण अशा तबकडीला मैफलीचा तुकडा समजून बाजूला ठेवतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे आलापी कोठे थांबवायची, अंतरा कधी घ्यायचा, तिहाई (तीनदा येणारा समारोपाचा तुकडा) कोठे आणायची याची मांडणी आधीच मनात पक्की असावी लागे. त्या काळच्या गायकांनी ही स्वतंत्र, आटोपशीर रचना घडवली. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली गेली, ती याच सामर्थ्यामुळे, असे मला मनापासून वाटते. तीही सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरलेली आहे, सोबत सुई ठेवलेली आहे आणि ती कोणत्या गतीने वाजवायची हे आवरणावर आकृतीने दाखवलेले आहे. गतीची नोंद किती मोलाची असते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतील विस्तृत गायन, श्वास घेऊ लागला. पूर्ण तासाचा अखंड राग मात्र सीडीनेच प्रथम घरोघरी पोहोचवला, आणि हे ऋण मी मोकळ्या मनाने मानते. दुःख याचे आहे की ही सोय हाती आल्यावर मोबाइलवरच्या ऐकण्याने ती पुन्हा मोडली. तेथे विलंबित (संथ) आणि द्रुत ही दोन वेगळी ‘गाणी’ होतात, यादी उलटसुलट क्रमाने लागली की आधी द्रुत वाजते, आणि विलंबिताची समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याची वाट पाहत असताना मध्येच जाहिरात सुरू होते. एलपीच्या मागच्या बाजूला राग, ताल, बंदिशीचे बोल, तबला आणि हार्मोनियमची साथ कोणाची, अशी माहिती असे. मोबाइलवर बहुधा गायकाचे नाव आणि एक वर्ष दिसते, तेही पुष्कळदा मूळ मुद्रणाचे नसून पुनःप्रकाशनाचे असते. ज्या तबलजींनी पाऊण तास ठेका धरला त्यांचे नाव असे गळून पडणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय हक्कांचा करार संपला की ऐकत असलेले मुद्रण एके दिवशी यादीतून नाहीसे होते.

आता आपल्या कॅसेट्सकडे येऊ. माध्यम म्हणून कॅसेट सर्वांत दुबळी आहे. १९६३ साली फिलिप्सने ती आणली; तिची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या धिम्या गतीने सरकते, म्हणून तिच्यात सुसकारा राहतो आणि बारीक कंपने झिजतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत तर साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षाही पातळ असते, ती ताणली जाते, गुंतते. कारखान्यात छापलेल्या, आणि ज्यांतील मुद्रण सीडीवर किंवा चांगल्या डिजिटल प्रतीत उपलब्ध आहे, अशा कॅसेट्स आपण निःशंकपणे कोणाला देऊन टाकाव्यात. परंतु वडिलांनी स्वतः भरलेल्या कॅसेट्स, म्हणजे आकाशवाणीवरून उतरवलेले कार्यक्रम, घरातील बैठकी, गणेशोत्सवातील गाणे, नातेवाइकांचे आवाज, यांची जगात दुसरी प्रत नसण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या साऱ्या संग्रहात हाच भाग सर्वांत दुबळ्या माध्यमावर आहे आणि तोच सर्वांत मौल्यवान आहे, म्हणून कामाला सुरुवात तेथूनच करावी.

हे काम दुकानात द्यायचे असेल, तर एक गोष्ट आग्रहाने सांगावी. माझ्या गुरुजींच्या एका घरगुती मैफलीची कॅसेट मी डिजिटल करून घेण्यासाठी एका दुकानात दिली होती. परत मिळालेली प्रत अगदी स्वच्छ होती, पण तानपुरा जवळजवळ नाहीसा झाला होता. खरखर काढणारी संगणकीय चाळणी सतत एकसारखा चालणारा आवाज हेरून काढते, आणि तानपुऱ्याचा झंकार तिला तसाच भासतो. त्या प्रतीत गुरुजींचा गंधार कशावर टेकला आहे हेच ऐकू येत नाही. तेव्हा कोणतीही सफाई न केलेली प्रत आधी मागावी, ती २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झवर, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात असावी. तासाभराच्या गाण्याला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागेल. रोज ऐकण्यासाठी त्यावरून एमपी३ खुशाल करावी, परंतु मूळ प्रत दोन ठिकाणी, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवावी, कारण हार्ड डिस्क बंद पडताना कॅसेटसारखी आधी घरघरत नाही.

कॅसेट वाजवण्यापूर्वी तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके नाहीत हे पाहावे, ती एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून घ्यावी, आणि यंत्राचे हेड स्वच्छ करून त्याचा कोन त्या विशिष्ट कॅसेटला जुळवून घ्यावा. एवढ्याने आवाजावरील पडदा पुष्कळ वेळा दूर होतो. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये, त्याने लाख विरघळते. त्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते, म्हणून एलपीच्या सुईने त्या वाजवल्यास सुई तळाशी घसरत राहते आणि ऐकू येते ती प्रामुख्याने खरखर. बरेच लोक एवढ्यावरूनच ‘तबकडी खराब झाली’ असा निष्कर्ष काढतात. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जाणकारांची संस्था आहे. आपल्याकडील तबकड्यांपैकी कोणती दुर्मीळ आहे, हे अशा मंडळींना लेबलवरील क्रमांकावरून उमगते.

म्हणून काहीही देऊन टाकण्याआधी प्रत्येक लेबलचे, एलपीच्या दोन्ही बाजूंचे आणि कॅसेटच्या डबीतील कागदाचे छायाचित्र घ्यावे. त्या कागदावर वडिलांनी तारीख, राग किंवा गाणाऱ्याचे नाव लिहिलेले असेल, तर ते मोबाइलवरील कोणत्याही यादीत सापडणार नाही. आणि ज्या कॅसेटवर काहीच लिहिलेले नाही, ती सर्वांत आधी ऐकावी.